दार लावून केलेली प्रार्थना

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात जांब नावाचं गाव आहे. समर्थ रामदासांचा जन्म इथला, शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८ सालचा. गावाच्या नावाला ‘समर्थ’ हा शब्द जोडला गेला, तो यामुळेच. सूर्याजीपंत ठोसरांच्या या धाकट्या मुलाचं घरातलं नाव नारायण. त्याच्या लहानपणची एक गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. एके दिवशी हा मुलगा कुठे दिसेना. गावभर शोधाशोध झाली. शेवटी तो सापडला घरातल्याच अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत. आई राणूबाईंनी विचारलं, अरे, इथे अंधारात बसून काय करतोस? त्यानं उत्तर दिलं, की मी जगाची काळजी करत बसलो होतो.

या गोष्टीत इतिहास किती आणि भक्तांची श्रद्धा किती, या वादात मी पडत नाही. मला तिच्यातली ती खोली मोलाची वाटते. कारण आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे, त्याची सुरुवातही अशाच एका खोलीपासून होते. विषय आहे ख्रिस्ती माणसाची एकांतातली प्रार्थना.

नावानं मुसलमान, लिहितो मराठीत, गोष्ट सांगतो रामदासांची आणि बोलणार ख्रिस्ती प्रार्थनेवर, याचं कुणाला नवल वाटेल. आमच्या मराठवाड्यात ते फारसं वाटू नये. इथे एकाच बाजारच्या रस्त्यावर दर्गा, मारुतीचं देऊळ आणि चर्च भेटतं. शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतं याची माहिती आपण ठेवतो. तो रात्री दिवा मालवल्यावर देवाशी काय बोलतो, हेही कधीतरी समजून घ्यायला हरकत नाही.

ख्रिस्ताचं डोंगरावरचं प्रवचन मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या ते सातव्या अध्यायात आहे. त्यात सहाव्या अध्यायात प्रार्थनेचा विषय निघतो. त्या काळी काही धार्मिक मंडळी सभास्थानांत आणि चौकांच्या कोपऱ्यांवर उभी राहून प्रार्थना करत. लोकांनी पाहावं, हा हेतू. ख्रिस्त शिष्यांना सांगतो, तुम्ही तसं करू नका. प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि जो डोळ्यांना दिसत नाही त्या पित्याशी बोला. लोक पाहतील म्हणून प्रार्थना करणाऱ्यांविषयी तो म्हणतो, की त्यांचा मोबदला त्यांना मिळून गेला. मूळ ग्रीक भाषेत इथे जे क्रियापद आहे, ते त्या काळी व्यवहारातल्या पावतीवर लिहीत असत: रक्कम पूर्ण पोचली. किती नेमकं आहे हे! लोकांनी पाहावं म्हणून प्रार्थना केली, लोकांनी पाहिली, हिशेब मिटला. आता देवाकडे काही येणं उरलं नाही.

आणि ती खोली कोणती? ग्रीक शब्द आहे ‘तामेइऑन’. त्याचा अर्थ घरातली आतली खोली, कोठीची खोली, जिथे धान्य आणि सामानसुमान ठेवतात ती. लूकच्या शुभवर्तमानात कावळ्यांना कोठार नसतं असं सांगताना हाच शब्द आला आहे. गरिबाच्या घरात झोपायची, बसायची, स्वयंपाकाची जागा एकच. दार लागेल अशी खोली असलीच तर ती कोठीचीच. म्हणजे ख्रिस्तानं सांगितलेली खोली सजवलेलं देवघर नव्हे. कणग्या, मडकी आणि अंधार असलेली ती जागा. जांबच्या गोष्टीतला नारायण जिथे सापडला, तिची ही सख्खी बहीण म्हणायला हवी.

मग ज्याच्या घरात तेवढीही खोली नाही, त्यानं काय करावं? याचं उत्तर बायबलच देतं. खुद्द ख्रिस्ताला स्वतःचं घर नव्हतं. तो पहाटे अंधार असतानाच उठून ओसाड जागी जाई. कधी डोंगरावर जाई. जुन्या करारात हन्ना नावाच्या बाईची कथा आहे. मूलबाळ नाही म्हणून सवतीचे टोमणे सोसणारी ही बाई शिलो इथल्या मंदिरात गेली आणि मनातल्या मनात देवाशी बोलू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दारापाशी बसलेल्या एली नावाच्या याजकाला वाटलं, ही बाई दारू पिऊन आली आहे. त्यानं तिला दटावलं. तिनं शांतपणे सांगितलं, की दारू नाही, मी माझं मन देवापुढे रितं करते आहे. मला ही कथा फार आवडते. भर मंदिरात, धर्माधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर तिनं आपलं दार लावून घेतलं होतं. आणि गंमत अशी, की प्रार्थना ओळखणं हेच ज्याचं काम, त्यालाच ती ओळखता आली नाही. दुसऱ्याच्या प्रार्थनेचा खरेखोटेपणा बाहेरून ठरवता येत नाही, ही गोष्ट बायबलनं इतक्या जुन्या काळी नोंदवून ठेवली आहे.

आपल्याकडे मात्र हा निवाडा बाहेरून करण्याची हौस फार. त्याचं एक उदाहरण जालन्याच्या इतिहासातच आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातले, मुंबईत शिकलेले तरुण. १८४३ साली ते ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. प्रकरण कोर्टात गेलं. मुलगा अज्ञान म्हणून त्याला वडिलांच्या ताब्यात देण्यात आलं. पुढे त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या बाजूनं प्रयत्न केले आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोषही ओढवून घेतला. एका पोराच्या मनात देवाविषयी काय चाललं आहे, हे सोडून बाकी सगळ्याची चर्चा झाली. कोर्टाला वय मोजता आलं, पंचांना जात मोजता आली. मन मोजायचं माप कुणाकडेच नव्हतं.

थोरले नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामाच्या राज्यातल्या जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांना जालन्याजवळ जमीन मिळाली. तिच्यावर त्यांनी ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी एक गाव वसवलं. नाव दिलं ‘बेथेल’. ही कुटुंबं बहुतेक गावकुसाबाहेरची. एका मुसलमान संस्थानातल्या मुसलमान दिवाणानं, जन्मानं ब्राह्मण असलेल्या ख्रिस्ती पाद्र्याला, अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांसाठी दिलेली ही जमीन. आपल्या मातीत असंही होत आलं आहे, हे नव्या पिढीला सांगायला हवं.

बेथेल या हिब्रू नावाचा अर्थ ‘देवाचं घर’. पण या नावामागची बायबलमधली कथा पाहिली तर तिथे घर नाहीच. याकोब भावाची फसवणूक करून पळाला आहे. वाटेत रात्र झाली. उशाला दगड घेऊन तो उघड्या माळावर झोपला. एकटा, भ्यालेला, अपराधी. स्वप्नात त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसली. जागा झाल्यावर त्याला कळलं, की देव याच जागी होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. म्हणून त्यानं त्या माळाला देवाचं घर म्हटलं. ज्यांना कुठल्या देवळाची पायरी चढू दिली नव्हती, अशा माणसांच्या वस्तीला याहून योग्य नाव कोणतं असणार?

या माणसांच्या प्रार्थनेवर त्या काळात दोन्हीकडून संशय घेतला गेला. ज्वारीसाठी बाटले, जमिनीसाठी बाटले, असं गावानं म्हणावं. मिशनच्या माणसांनीही ही श्रद्धा खरी की पोटाची, हे पारखत राहावं. मी विचार करतो, दुष्काळात उपाशी माणसानं देवाकडे भाकर मागितली तर ती प्रार्थना खोटी कशी? ख्रिस्तानं शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेलीच आहे, आणि तीही पापांच्या क्षमेच्या आधी. पोटासाठी केलेली प्रार्थना खोटी ठरत नाही. पोटाची गोष्ट मनात ठेवून ओठांवर मोक्षाची भाषा आणली, तर खोटेपणा सुरू होतो.

इथे प्रांजळपणाचा खरा मुद्दा येतो. पुष्कळांना वाटतं, की मनापासून प्रार्थना करणं म्हणजे डोळ्यांत पाणी आणणं, भावनेचा पूर येणं. बायबलमधल्या प्रार्थना वाचल्या तर वेगळं दिसतं. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यांत स्तुती आहे, तसा रागही आहे. देवा, तू मला विसरलास का, अजून किती दिवस तोंड फिरवून बसणार, असं थेट विचारलेलं आहे. शत्रूचं वाटोळं व्हावं अशी मागणीसुद्धा आहे. ज्यांनी ही स्तोत्रं जपली, त्यांनी ती खोडून गुळगुळीत केली नाहीत. मनात होतं ते देवापुढे मांडलं. बरं-वाईट त्यानं पाहावं. प्रांजळपणा म्हणतात तो एवढाच: जे आहे ते, जसं आहे तसं सांगणं.

लूकच्या अठराव्या अध्यायात दोन माणसं मंदिरात जातात. एक परूशी, म्हणजे धर्म काटेकोर पाळणारा. दुसरा जकातदार, ज्याला लोक लुटारू समजत. परूशी आपल्या उपवासांची आणि दानाची यादी देवाला वाचून दाखवतो आणि मी त्या जकातदारासारखा नाही म्हणून आभार मानतो. जकातदार दूर उभा राहतो, मान वर करत नाही, छाती बडवून फक्त दयेची याचना करतो. ख्रिस्त म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा. लक्षात घ्या, परूशी खोटं बोलत नव्हता. उपवास तो करतच होता. चूक अशी, की देवाशी बोलताना त्याचा एक डोळा शेजाऱ्यावर होता.

आम्हा कवी मंडळींना हा एक डोळ्याचा रोग चांगला ठाऊक असतो. कविसंमेलनात ओळ म्हणताना कान समोरच्या दादेकडे लागलेले असतात. तिथे ते चालतं, कारण कविता ऐकणाऱ्यासाठीच असते. प्रार्थनेत हेच झालं, तर ऐकणारा बदलतो. आमच्या धर्मात या दिखाव्याला ‘रिया’ म्हणतात आणि हदीसमध्ये त्याला लहान शिर्क म्हटलं आहे. शिर्क म्हणजे अल्लाहच्या जागी भागीदार उभा करणं. प्रार्थनेत लोकांच्या नजरेला स्थान दिलं, की ती नजरच देवाची भागीदार होते. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही दानाविषयीची शिकवण ख्रिस्ताच्या प्रवचनात आहे, तशीच हदीसमध्येही आहे. त्याच हदीसमध्ये, ज्यांना कयामतच्या दिवशी अल्लाहची सावली मिळेल अशा माणसांत, एकांतात त्याची आठवण येऊन ज्याचे डोळे भरून येतात तोही आहे. दारं निरनिराळी असली तरी ती आतून लावायची कडी एकाच लोहारानं घडवलेली दिसते.

आता मराठीतल्या सगळ्यात मोठ्या ख्रिस्ती कवीकडे येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जांबचे नारायण, बेथेलचे नारायण आणि हे तिसरे नारायण. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार वाचायला दिला. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थबकले. ते सोडून पुढे जाववेना. म्हणजे टिळकांना ज्यानं धरून ठेवलं, ते हेच प्रवचन, ज्यात दार लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरावर आकाश कोसळलं. लक्ष्मीबाई काही वर्षं मुलासह वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या, स्वतःच्या विचारानं १९०० साली ख्रिस्ती झाल्या, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठीला एक अमोल पुस्तक देऊन गेल्या.

टिळक म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्या ‘अभंगांजली’त ख्रिस्ताशी जी सलगी आहे, ती वारकऱ्याची विठ्ठलाशी असते तशीच. मला मात्र टिळकांच्या आयुष्यातला शेवटचा निर्णय अधिक बोलका वाटतो. ते मिशनचे पगारी सेवक होते. उपदेश करणं, प्रार्थना चालवणं ही नोकरी होती. १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली, संन्याशाचं जीवन पत्करलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. पुढे दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. पगार घेऊन केलेली प्रार्थना खोटीच असते असं नाही. आपले असंख्य पुजारी, इमाम आणि पाद्री प्रामाणिकपणे ते काम करतात. पण ज्याला रोज लोकांसमोर प्रार्थना म्हणावी लागते, त्याला आपल्या कोठीच्या खोलीची गरज सगळ्यांत जास्त असते. ती नसेल तर शब्द गुळगुळीत होतात, नाण्यासारखे. टिळकांनी ही गरज ओळखली असावी, असं मला वाटतं. आणि ते राहायला गेले कुठे? सज्जनगडाच्या पायथ्याच्या मुलखात, जिथे जांबच्या नारायणानं देह ठेवला होता.

कुणी विचारेल, टिळकांच्या प्रार्थना तर छापल्या गेल्या, चर्चमध्ये समूहानं गायल्या जातात. मग एकांत कुठे राहिला? शंका रास्त आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुलींचे प्रार्थनागट जमू लागले. सुरुवातीला सुमारे सत्तर जणी होत्या, पुढे संख्या पुष्कळ वाढली. त्या वर्षी तिथे शेकडो जणी एकाच वेळी मोठमोठ्यानं, रडत प्रार्थना करत. बाहेरच्याला तो गोंधळ वाटे. पण त्यांच्यापैकी कुणी कुणाला ऐकवत नव्हतं. प्रत्येकीच्या पाठीशी वैधव्य, दुष्काळ, टाकून दिलेलं बालपण यांतलं काहीतरी होतं आणि प्रत्येकजण आपापलं गाऱ्हाणं सांगत होती. एका मंडपात शेकडो बंद खोल्या होत्या, असं म्हणा ना. छापील प्रार्थनेचंही तसंच. ती दुसऱ्याच्या मापाची असते. वापरून वापरून अंगाला बसली की आपली होते. आईनं शिकवलेली दुआ मी पन्नास वर्षं तीच म्हणतो. शब्द आईचेच आहेत, त्यांत भरलेलं दुःख मात्र दर वर्षी नवं.

आणि कधी शब्दच सुचत नाहीत, तेव्हा? जालन्यात माझा एक ख्रिस्ती मित्र आहे, शिक्षक. त्याच्या आईनं उभी हयात परिचारिका म्हणून काढली. पहाटे चारला उठून, स्वयंपाकघराचा दिवा न लावता, पाटावर बसून त्या प्रार्थना करत. मित्राचे वडील गेल्यावर काही महिन्यांनी मी भेटायला गेलो. म्हटलं, “मावशी, आता प्रार्थनेत काय मागता?” त्या म्हणाल्या, “काही नाही रे बाबा. तीन महिने झाले, तोंडातून शब्द निघत नाही. नुसती जाऊन बसते. देवाला काय शब्दांची टंचाई आहे का?” पुढे रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मी पौलाचं म्हणणं वाचलं. कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा शब्दांवाचून, कण्हत आपल्यासाठी विनवणी करतो, असं त्यात आहे. मावशींनी ते बहुधा शंभरदा वाचलं असणार. त्यांनी मला वचन ऐकवलं नाही. त्या रोज पाटावर जाऊन बसत राहिल्या.

मागितलेलं मिळतंच असंही नाही. ख्रिस्ती प्रार्थनेचा सगळ्यात अवघड धडा गेथशेमाने बागेतला आहे. पकडलं जाण्याच्या रात्री ख्रिस्त शिष्यांपासून दगड फेकला तर जाईल इतक्या अंतरावर जाऊन गुडघे टेकतो. हा दुःखाचा प्याला माझ्यापुढून जाऊ दे, असं आधी स्पष्ट मागतो. मग म्हणतो, तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मत्तय सांगतो, की तीनदा त्यानं हीच प्रार्थना केली. प्याला टळला नाही. पुष्कळ भाविक पहिलं वाक्य गाळून एकदम दुसऱ्यावर उडी मारतात, कारण ते धार्मिक वाटतं. ख्रिस्तानं पहिलं गाळलं नाही. भीती वाटत होती, ती सांगितली. आणखी एक: एकांतात जातानाही त्यानं तिघा मित्रांना जवळ जागं राहायला सांगितलं होतं. ते झोपी गेले, ही गोष्ट वेगळी. एकांत हवा म्हणजे माणसं नकोत, असा त्याचा अर्थ नव्हता.

इथे मी माझ्या मुख्य सांगण्याकडे येतो. दार लावून घ्या, असं सांगितल्यावर लगेच, त्याच अध्यायात ख्रिस्त शिष्यांना प्रार्थना शिकवतो. ख्रिस्ती लोक तिला प्रभूची प्रार्थना म्हणतात. खोलीत माणूस एकटा आहे, दार बंद आहे, आणि तरी या प्रार्थनेत ‘मी’, ‘माझा’ हे शब्द एकदाही येत नाहीत. पिता आमचा, भाकर आमची, अपराध आमचे. गंमत पाहा, नमाजमध्ये प्रत्येक रकातीत म्हटली जाणारी सूरह फातिहाही अशीच आहे. माणूस रात्री एकटा उभा राहून नमाज पढला तरी ‘आम्ही’ तुझी भक्ती करतो, ‘आम्हाला’ सरळ वाट दाखव, असंच म्हणतो. ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितलं तेही सगळ्या भूतमात्रांसाठी. आणि जांबच्या त्या अंधाऱ्या खोलीत बसलेलं पोर काय करत होतं? जगाची काळजी. दार लावायचं ते बघ्यांसाठी. माणसं आत घ्यायचीच असतात, नावानिशी.

म्हणून प्रभूच्या प्रार्थनेत सगळ्यात कठीण मागणी क्षमेची आहे. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा केली तशी आम्हाला कर, असं तिथे म्हणायचं असतं. हे म्हणजे स्वतःच्या हातानं आपल्याच मापाची पट्टी देवाला देणं. ज्याच्याशी बांधाचा तंटा चालू आहे त्या भावकीचा चेहरा त्या क्षणी डोळ्यांपुढे येतोच. त्याच प्रवचनात आणखी सांगितलं आहे, की वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं, की भावाचं तुझ्याविरुद्ध काही म्हणणं आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. प्रार्थना अर्धी सोडून उठायची परवानगी धर्मात सहसा नसते. इथे ती आहे, आणि एकाच कारणासाठी आहे.

सतराव्या शतकात, म्हणजे रामदासांच्याच काळात, पॅरिसमधल्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा सेवक स्वयंपाकघरात राबत होता. भांड्यांच्या खणखणाटातही देव जवळ आहे हे भान ठेवता येतं, असं तो सांगे. आपल्या जनाबाईंच्या जात्यापाशी विठ्ठल येतो, ती कथा त्याला कुणी सांगितली असती तर त्याला नवल वाटलं नसतं. त्याच शतकात, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं आणि ख्रिस्ताची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत आली. तेव्हा जांबचा नारायण आठ वर्षांचा होता. अलीकडच्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून हा ग्रंथ आजच्या मराठीत आणला. २०२० साली तेव्हाच्या उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले. ज्यांना ते डोंगरावरचं प्रवचन मुळातून वाचायचं आहे, त्यांनी हा ग्रंथ जरूर पाहावा.

आज सगळ्याच धर्मांची प्रार्थना मोठ्या आवाजाची झाली आहे. भोंगे आहेत, मिरवणुका आहेत, मोबाइलवर रोज सकाळी देवाची चित्रं येतात. देखल्या देवा दंडवत घालायला आपण सगळेच तयार असतो. सामुदायिक प्रार्थनेला माझा विरोध नाही. शुक्रवारी खांद्याला खांदा लावून उभं राहण्याचं सुख मला ठाऊक आहे. रविवारी चर्चमध्ये एका सुरात गाणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. पण चौकातली प्रार्थना खोलीतल्या प्रार्थनेवर जगते. खोली ओस पडली, की चौकात उरतो तो नुसता आवाज.

आज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं करून पाहायला हरकत नाही. देव कोणताही असो. दिवा मालवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पाठ असलेली प्रार्थना म्हणा किंवा म्हणू नका. जे मनात आहे ते, राग असेल तर राग, भीती असेल तर भीती, जशी आहे तशी सांगा. मग आपल्या घरातलं नसलेलं, जातीधर्मातलं नसलेलं, जमलं तर ज्याच्याशी बोलणं बंद आहे असं एक नाव घ्या. त्या माणसाला कधी कळणार नाही, तुम्हीही कुणाला सांगू नका. सकाळी दार उघडल्यावर तो समोर आला, तर मात्र त्याच्याशी आधी तुम्ही बोला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)